आजोबांच्या ट्रंकेतले चार कॅमेरे आणि लाल काचेतला सात

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. देवरुखच्या घराचा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि तिच्यात चार कॅमेरे निघाले: कोडॅकचा घडीचा सिक्स-ट्वेंटी, चामड्याच्या केसमधला रोलीकॉर्ड, ॲग्फा क्लिक थ्री आणि याशिका इलेक्ट्रो ३५. आजोबा शाळेत चित्रकला शिकवायचे, फोटोची हौस होती. तुम्ही विचारलंय की यातला सगळ्यात किमती कुठला, दुरुस्त कुठला करून घ्यावा आणि यांत घालायला आज रोल मिळतो का. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘क्लिक थ्रीच्या मागे लाल काच आहे, तिच्यात ७ आकडा दिसतो, तो कसला?’

मी पुण्यात गेली ३४ वर्षं कॅमेरे दुरुस्त करतो. किमतीचं आणि दुरुस्तीचं उत्तर देतोच, पण सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करतो. ते काम आज करायचं आहे, बाकीची पुढच्या महिन्यात केली तरी चालतील.

तो सात दिसतोय म्हणजे कॅमेऱ्यात रोल आहे. क्लिक थ्री उघडू नका. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

क्लिक थ्रीमध्ये १२० नंबरचा रोल बसतो. या रोलला ३५ एमएमसारखी पत्र्याची डबी नसते. फिल्मच्या पाठीला लांब काळा कागद असतो आणि दोन्ही मिळून एका स्पूलवर गुंडाळलेले असतात. कागदाच्या पाठीवर आकडे छापलेले असतात आणि किल्ली फिरवत नेली की ते एकेक करून लाल काचेखाली येतात. रोल नसता तर आकडाही दिसला नसता. क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. म्हणजे आजोबांनी, किंवा घरातल्या कुणीतरी, सहा किंवा सात फोटो काढले आणि रोल संपवायचा राहून गेला.

प्रकाश पडलेल्या फिल्मवर चित्र लगेच दिसत नाही, ते सुप्त असतं. रसायनात धुतल्यावर वर येतं. हे सुप्त चित्र वर्षानुवर्षं झिजत जातं, पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चाळीस-पन्नास वर्षांनीही त्यातलं काही शिल्लक असू शकतं. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू, आणि कोकणातल्या माळ्यावर दोन्ही भरपूर. त्यामुळे खात्री मी देत नाही. तीन वर्षांपूर्वी एक बाई वडिलांचा क्लिक थ्री घेऊन आल्या होत्या, त्यातही असाच अर्धा रोल होता. बारापैकी पाच फोटो आले, तेही धुरकट. एकात त्यांची आई विहिरीच्या काठाशी उभी होती, चेहरा ओळखू येत होता. आईचा त्या वयातला दुसरा फोटो घरात नव्हता.

आता कृती. संध्याकाळी मंद उजेडात बसा आणि लाल काचेवर काळी चिकटपट्टी लावा. ही काच लाल का ठेवली, त्यालाही कारण आहे. जुन्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल काचेतून आत गेलेला उजेड तिला निरुपद्रवी होता. पुढे सगळे रंग ओळखणाऱ्या फिल्म आल्या. त्यांच्यावर लाल उजेडाचाही परिणाम होतो, पण काच मात्र जुन्या सवयीने लालच राहिली. पट्टी लावून झाली की किल्ली हळूहळू, एकाच दिशेने फिरवा. जुना कागद कडक झालेला असतो, झटका दिला तर फाटेल. बरंच फिरवल्यावर किल्लीचा ताण एकदम सैल होईल, म्हणजे कागदाचं शेपूट सुटलं. त्यानंतर आणखी चार वेढे द्या. मग अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडा, रोल बोटांनी घट्ट धरून बाहेर काढा आणि कागदाचं टोक चिकटपट्टीने बंद करा. शेवटचा डिंक लावलेला तुकडा इतक्या वर्षांनी चिकटणार नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोन पदरी गुंडाळा. किल्ली फिरतच नसेल तर जोर करू नका, कॅमेरा तसाच कुणा जाणकाराकडे न्या. तो डार्करूममध्ये उघडेल.

उरलेले पाच फोटो काढून रोल संपवावा का, हे तुम्ही विचाराल. मी तरी काढत नाही. सातवर फोटो काढून झालाय की काढायचा राहिलाय हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. आजोबांच्या शेवटच्या फोटोवर आपला फोटो बसला तर तो पुन्हा वेगळा करता येत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, हा रोल रंगीत फोटोंच्या मशीनमध्ये जाता कामा नये. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र चांदीचं असतं. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत चांदी शेवटी धुऊन काढतात आणि मागे रंग ठेवतात. काळी-पांढरी फिल्म त्यात घातली तर चांदी जाते आणि मागे ठेवायला रंगच नसतो, कोरी पट्टी हातात येते. माझ्या एका गिऱ्हाइकाचा असाच जुना रोल एका लॅबने न विचारता मशीनमध्ये टाकला. ते बारा फोटो गेले ते गेलेच. म्हणून हाताने, टाकीत काळे-पांढरे रोल धुणाऱ्या माणसाकडेच द्या आणि रोल किती जुना आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. मी स्वतः असा रोल एचसी-११० या धुवायच्या रसायनात, नेहमीपेक्षा थंड ठेवून धुतो आणि बेन्झोट्रायाझोल अगदी थोडं घालतो. जुन्या फिल्मवर सगळीकडे एक राखाडी पडदा आलेला असतो, तो त्याने आवरतो. त्या काळात आपल्याकडे पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचे ऑर्वो रोल पुष्कळ यायचे आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे इंदू रोलही दुकानात असायचे. तुमचा यातलाच एखादा असेल तर काळा-पांढराच असण्याची शक्यता जास्त. रंगीत निघाला तरी इतक्या वर्षांनी तो काळ्या-पांढऱ्यासारखाच धुवावा, रंगांची आशा धरू नये.

आता कॅमेऱ्यांकडे येतो. तुमची ट्रंक बघून मला वाटलं की आजोबांनी नकळत कॅमेऱ्याच्या इतिहासाचे चार टप्पे जपून ठेवलेत. माझ्या धंद्यात मला एक गोष्ट फार उपयोगी पडली: कॅमेरा कुठल्या अडचणीवर तोडगा म्हणून निघाला ते माहीत असलं की तो आज कुठे बिघडला असेल, ते उघडायच्या आधीच कळतं. ज्या जागी त्याची हुशारी, बहुतेक त्याच जागी त्याचं दुखणं. म्हणून चारही त्याच क्रमाने घेतो.

कोडॅकपासून. सुरुवातीला फोटोग्राफी म्हणजे ओझं होतं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हाची पद्धत अशी की काचेवर ओलं रसायन चढवायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. म्हणजे जिथे फोटो, तिथे तंबू, बाटल्या आणि पाणी. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये पहिला कोडॅक विकायला काढला. आत शंभर फोटोंचा रोल, किंमत २५ डॉलर. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, तिथे फोटो धुऊन नवा रोल भरून परत यायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राऊनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला. १९०१ मध्ये त्याच मालिकेतल्या दुसऱ्या ब्राऊनीसाठी जो रोल काढला तोच हा १२० नंबर. सव्वाशे वर्षं होत आली, तो आजही कारखान्यातून नवा निघतो. क्लिक थ्रीमध्ये आहे तोही तोच आणि रोलीकॉर्डमध्ये बसतो तोही तोच.

तुमच्या सिक्स-ट्वेंटीची गोष्ट मात्र जरा वेगळी. मोठा फोटो हवा पण कॅमेरा कोटाच्या खिशात मावला पाहिजे, या अडचणीवर भाता हा तोडगा होता. पेटीच्या भात्यासारखाच, उघडला की लेन्स पुढे येते आणि मिटला की सगळं चपटं. आणखी चपटं करायला कोडॅकने १९३१-३२ च्या सुमारास ६२० नावाचा रोल काढला. फिल्म तीच, रुंदीही तीच, फक्त स्पूल बारीक. कॅमेरा सडपातळ झाला आणि गिऱ्हाइकाला कोडॅकचाच रोल घ्यावा लागला. १९९५ मध्ये कोडॅकने ६२० बंद केला. तेव्हा हा कॅमेरा चालवायचा तर पूर्ण अंधारात १२० ची फिल्म सोडवून ६२० च्या पत्र्याच्या स्पूलवर नव्याने गुंडाळावी लागते. एकदा नाही, दोनदा, म्हणजे सुरुवातीचं टोक पुन्हा बाहेर येतं. फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते. दुसऱ्या खेपेला ते टोक शेवटी येतं आणि तिथे फुगवटा येतो. चिकटपट्टी हलकेच उचलून पुन्हा लावली की तो बसतो. जमतं, पण आधी एक वाया घालवायचा रोल घेऊन उजेडात सराव करा. ट्रंकेत पत्र्याची स्पूल सापडली तर ती टाकू नका. तिच्याशिवाय हा कॅमेरा मुका आहे. रोल धुवायला देताना ‘स्पूल परत हवी’ हे लिहूनच द्या.

त्याची तपासणी सोपी आहे. रात्री दिवे घालवा, मागचं झाकण उघडा, भात्याच्या आत छोटी बॅटरी लावून बाहेरून बघा. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकल्या तर तितकी भोकं आहेत. दोन-चार असतील तर काळ्या कापडी रंगाचा पातळ हात देऊन बुजवता येतात. सगळ्या कोपऱ्यांवर चांदणं पडलं तर भाता बदलायला हवा आणि तो खर्च या कॅमेऱ्यावर करू नये, असं माझं मत. कपाटात ठेवा, सुंदर दिसतो.

आता रोलीकॉर्ड, आणि याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाच आहे.

घडीच्या कॅमेऱ्याची मोठी अडचण ही की समोरचा माणूस किती फुटांवर उभा आहे ते अंदाजाने ठरवून लेन्सवर लावायचं. चुकलं की चेहरा पुसट, आणि ते कळणार रोल धुतल्यावर. जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी फ्रान्के आणि हायडेके या दोघांच्या कारखान्याने १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स काढला. एकावर एक दोन लेन्स: खालची फोटो काढते, वरची आरशातून दुधी काचेवर चित्र पाडते. दोन्ही एकाच पाटीवर बसवलेल्या, म्हणून वरचं चित्र स्पष्ट झालं की खालचंही झालंच. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून बघायचं. समोरच्याला डोळ्याला यंत्र लावलेला माणूस दिसत नाही, म्हणून तो अवघडतही नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या हातात रोलीफ्लेक्स असायचा. १९३३ मध्ये याच कारखान्याने त्याचा स्वस्त भाऊ काढला, तो रोलीकॉर्ड. हँडलऐवजी साधी किल्ली, शटर हाताने ताणायचं, बाकी हाडं तीच. चित्रकलेच्या शिक्षकाने हा का घेतला असेल ते मला लगेच कळलं. दुधी काचेवर चौकट आखलेली असते, वहीच्या पानासारखी. चित्र मात्र डावं-उजवं उलट दिसतं. समोरचा माणूस उजवीकडे सरकला की काचेवर तो डावीकडे पळतो, आठवडाभरात हात सरावतो.

याची हुशारी आरशात आणि लेन्समध्ये आहे, दुखणंही तिथेच असणार. दुधी काच अंधुक दिसत असेल तर आरसा मळलाय. तो पुसू नका. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे, उघडा असतो. शिकत होतो त्या वर्षी मी एका रोलीफ्लेक्सचा आरसा मऊ कापडाने पुसला आणि मुलामा कापडाला लागून आला. माझ्या गुरुजींनी काही न बोलता नवा आरसा कापून बसवला आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत. तेव्हापासून आरशावर मी फुंकणीने फक्त हवा मारतो. फारच काळा पडला असेल तर बदलतो.

लेन्स अशी तपासा. मागचं झाकण उघडा. शटरवर बी ची खूण असते, ती लावून बटण दाबून धरलं की पाती उघडी राहतात. मागून तिरकी बॅटरी मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ थर दिसला तर तेलाची वाफ बसली आहे, ती साफ होते. काठाशी इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटतोय, आणि ते काम खर्चाचं. तुमच्या लेन्सवर ट्रायोटार लिहिलं असेल तर ही शेवटची काळजी नाही, तिच्या तिन्ही काचा सुट्या आहेत. झेनार असेल तर मागची जोडकाच नीट बघा.

कोकणातून आलेल्या लेन्समध्ये बुरशी नसेल तर मला आश्चर्य वाटेल. पण घाबरू नका. काठाशी चार धागे असले तर फोटोवर काही दिसत नाही. बुरशी फार वर्षं राहिली की काचेवरचा लेप खाते, मग साफ केल्यावरही ठसा उरतो. अशा लेन्सने उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की चित्र फिकं येतं, उजेडाकडे पाठ करून काढला की चांगलं येतं. म्हणजे कॅमेरा टाकाऊ होत नाही, त्याच्याशी कसं वागायचं ते ठरतं. किती खोल गेली आहे ते उघडल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही.

शटर कानाने तपासा. वेग एक सेकंदावर ठेवा, ताणा, सोडा. आत घड्याळासारखं ‘घर्र’ वाजत साधारण सेकंदभराने बंद झालं पाहिजे. मध्येच अडकलं किंवा पाती उघडीच राहिली तर आतलं वंगण घट्ट झालंय. हा बिघाड अगदी नेहमीचा आहे, साफसफाईने जातो. बाहेरून तेलाचा थेंब किंवा गंज काढायचा फवारा मात्र मारू नका, तेल पात्यांवर पसरलं की ती एकमेकांना चिकटतात. सेल्फ-टायमरचा छोटा दांडा असेल तर त्याला हात लावू नका, जुन्या शटरमध्ये सगळ्यात आधी तोच अडकतो आणि अडकला की सगळं शटर घेऊन बसतो. काही जुन्या काँपुर-रॅपिड शटरमध्ये सर्वात वरचा वेग, एक पाचशेवा, ताणायच्या आधीच लावावा लागतो. नंतर लावायला गेलं तर जादाची स्प्रिंग विरोध करते. हाताला विरोध जाणवला की थांबायचं, हे जुन्या कॅमेऱ्याबाबत कायम लक्षात ठेवा. सर्व्हिसिंगनंतरही पाचशेवा वेग मोजला तर साडेतीनशेच्या आसपास भरतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मला तेवढा फरक सहज चालतो.

क्लिक थ्रीबद्दल थोडक्यातच. स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर बंधनं होती, रोलीकॉर्डसारखी वस्तू सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. ती जागा या कॅमेऱ्याने भरली. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो इथे बनवला. लेन्स साधी, लावायला ऊन आणि ढग अशा खुणा, बस्स. सहलीचे, मुंजीचे, अंगणातले किती फोटो या कॅमेऱ्याने काढले असतील! बिघडायला त्याच्यात फारसं काही नाहीच, म्हणून आतला रोल काढून झाल्यावर तो बहुधा तसाच चालेल. शंभर आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १२० रोल घाला, सकाळच्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन काढा. लाल काचेवरची पट्टी तशीच राहू द्या. आकडा बघण्यापुरती सावलीत उचलायची आणि परत लावायची.

याशिका इलेक्ट्रो ३५ हा चौथा टप्पा, आणि त्याची फिल्मही वेगळी आहे. सिनेमाच्या ३५ एमएम पट्टीवर छोटा कॅमेरा चालवायची कल्पना ऑस्कर बार्नाकची, त्यातून १९२५ मध्ये लायका बाजारात आला. कोडॅकने १९३४ मध्ये त्याच पट्टीची तयार भरलेली डबी काढली आणि ती आजही जशीच्या तशी चालते. याशिकाने १९६६ च्या सुमारास सोडवली ती अडचण उजेडाच्या हिशेबाची. तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं ते, ठरवायचं; किती वेळ शटर उघडायचं ते आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवणार. हुशारी विजेची, म्हणून दुखणं सेलचं. मुळात त्यात ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता, तसे सेल आता बनत नाहीत. सहा व्होल्टचा ४एलआर४४ सेल घ्या, तो लहान पडतो, म्हणून एक नळी आणि स्प्रिंग लावून जागा भरा. पाऱ्याऐवजी साधा सेल घातला की बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर चुकतात, या सर्किटला तेवढा फरक सोसतो. आधी सेलचा कप्पा उघडून बघा. हिरवा थर असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाने पुसा आणि कोरडा करा.

मग रोल न घालता ताणायचा दांडा ओढा आणि कान द्या. ओढताना आत ‘टक’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. आला नाही तर आतला रबराचा तुकडा विरघळलाय, हा या कॅमेऱ्याचा जन्मजात आजार. मग मीटरचे दिवे भलतंच सांगतात आणि शटर वाट्टेल तितका वेळ उघडं राहतं. रबर बदलता येतं, पण त्यासाठी कॅमेरा बराच उकलावा लागतो. मागच्या झाकणाच्या खाचांतला काळा स्पंजही एव्हाना डांबर झाला असेल. ते घरी करण्यासारखं काम आहे: टूथपिकने खरवडा, स्पिरिटने पुसा, काळी लोकर किंवा नवा स्पंज लावा. रोलीकॉर्डमध्ये हा स्पंजच नाही, म्हणून तो प्रश्नही नाही.

तर माझा क्रम असा: आधी क्लिक थ्रीमधला रोल, मग रोलीकॉर्डची पूर्ण सर्व्हिसिंग, सेलचा प्रयोग करून याशिका, आणि कोडॅक भात्यावर अवलंबून. रोलीकॉर्डच्या लेन्समधली बुरशी खोल निघाली आणि याशिकात ‘टक’ वाजला तर मधले दोन उलटे करा.

किमतीचं. चारात बाजारात खरी मागणी रोलीकॉर्डलाच आहे. ती मॉडेलवर, लेन्सच्या काचेवर आणि शटर चालतंय की नाही यावर ठरते, म्हणून नुसत्या फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीही सांगणार नाही. क्लिक थ्री आणि याशिका दोन्ही भरपूर बनले, त्यामुळे त्यांना फार भाव येत नाही. विकायचाच झाला तर साफ करून, त्याने काढलेला एक रोल दाखवून विका. आजोबांचं नाव केसवर कोरलेलं असेल तर ते घासून काढू नका.

रोल मिळतो का? मिळतो. १२० आणि ३५ एमएम दोन्हीत इलफर्डचा एचपी५ प्लस, कोडॅकचा ट्राय-एक्स, थोडा स्वस्त हवा तर फोमापान. पहिला रोल काळा-पांढराच घ्या, तो चुका पोटात घालतो. मीटर नसताना उन्हाचा जुना हिशेब पुरतो: भर उन्हात ॲपर्चर १६, आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. शंभरच्या फिल्मला शंभराच्या जवळचा वेग, चारशेच्या फिल्मला पाचशे. सावलीत गेलात की ॲपर्चर तीन पायऱ्या उघडा. मे महिन्यात दुपारी बारा ते तीन काढूच नका, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात.

पुढे-मागे घरी रोल धुवायचं मनात आलं तर पाण्याकडे लक्ष ठेवा. काळ्या-पांढऱ्या रसायनांच्या वेळा २० अंशांच्या हिशेबाने छापलेल्या असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तीसच्या वर असतं. मी पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवतो आणि साध्या पाण्यात मिसळून २० वर आणतो. धुवायच्या शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं त्याच तापमानाला. मध्येच गरम पाणी लागलं की फिल्मवरचा थर सुरकुततो.

आणि कॅमेरे परत त्या ट्रंकेत ठेवू नका. चामड्याच्या केसमधून बाहेर काढा, चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. केस वेगळी ठेवा. कॅमेरे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. त्याचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत घाला. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ लेन्सवर बसते. आणि बुरशी मारायला कडक उन्हात तापवू नका, आतलं जुनं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरतं. डब्यापेक्षाही चांगलं म्हणजे महिन्यातून एकदा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर दहा-दहा वेळा वाजवणं.

रोल धुऊन आला की फिल्म कापायच्या आधी अख्खी पट्टी खिडकीसमोर धरून तिचा फोटो काढा आणि मला दाखवा. चौकटींत काहीच दिसलं नाही तरी दाखवा. फिल्मच्या काठावर कंपनीने आपलं नाव आणि फिल्मचा प्रकार छापलेला असतो. तो वाचता आला तर आजोबांनी तो रोल साधारण कुठल्या काळात भरला असेल ते आपण लावू शकू. मग घरात विचारता येईल, त्या काळात अंगणात काय चाललं होतं ते.